रामलिंग घाटातला पूल

किल्ला दिसला की आपण विचारतो, हा कोणी बांधला? पूल दिसला की तो ओलांडतो आणि पुढे जातो. धाराशिव जिल्ह्यात येडशीजवळ रामलिंगाचे देवस्थान आहे. जटायूने रावणाला अडवले ते इथेच, अशी भाविकांची श्रद्धा. याच घाटात जुन्या आगगाडीचा एक पूल आहे. मी शिक्षक. सहलीला नेलेल्या मुलांना जटायू ठाऊक असतो. पुलाची गोष्ट मात्र मला सांगावी लागते. ती अशी.

मुंबईकडून निघालेली मोठी रेल्वे १८६० साली सोलापूरला पोचली, पण कापसा-धान्याची बार्शीची पेठ बाजूलाच राहिली. जवळच्या स्थानकाला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, ‘बार्शी रोड’ असे नाव मिळाले. मात्र तिथून बार्शीपर्यंतचे एकवीस मैल माल बैलगाडीनेच जाई. १८८२ साली या रेल्वेत नोकरीला आलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रजाने हे हेरले.

रुंद रूळ, अवजड एंजिने आणि त्यांना पेलणारे भक्कम पूल एवढा खर्च या भागाला परवडणारा नव्हता. कॅलथ्रॉपने मग उलटा हिशेब मांडला. गाडीचे सगळे ओझे आसांवर सारखे वाटायचे आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही. त्याला घोड्यांचे वेड होते; १९२० साली त्याने घोड्यांवर एक पुस्तकही लिहिले. ओढणाऱ्या जनावराला ओझे कसे वाटून द्यावे हे अशा माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही! भार वाटला गेल्यामुळे यार्डाला तीस पौंड वजनाचे हलके रूळ पुरले. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट; आपल्या बैलगाडीची चाकेसुद्धा याहून लांब असतात. गाडी हलकी म्हणून पूल हलका, पूल हलका म्हणून खर्च कमी, आणि खर्च कमी म्हणूनच आमच्याकडे रेल्वे आली.

१८९७ साली बार्शीला पहिली गाडी धावली. १९०६ साली दुसरी शाखा पंढरपूरला गेली आणि वारकऱ्यांची सोय झाली. पूर्वेकडे बालाघाट चढून, निजामाच्या मुलखातून, ही लाइन १९११ साली लातूरला पोचली. लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. १९८२ साली ते वेगळे झाले. १९२७ साली मिरज जोडले गेले, तेव्हा सारा मार्ग २०२ मैलांचा झाला.

या हलकेपणाची किंमतही आम्हीच मोजली. रुळांची रुंदी वेगळी, त्यामुळे कुर्डुवाडीला प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. गाडीतून उतरावे, शेतातला हुरडा घ्यावा आणि पुन्हा त्याच गाडीत बसावे, असा तिच्या वेगावर विनोद होता. शिवाय जिल्ह्याचे गाव धाराशिव वाटेवर नव्हतेच. तिथल्या माणसाला गाडी गाठायला दहा-बारा मैलांवर येडशीला यावे लागे.

१ जानेवारी १९५४ रोजी कंपनीची रेल्वे सरकारची झाली. २००७ आणि २००८ साली लातूर ते कुर्डुवाडी ब्रॉडगेज झाले. नवी वाट धाराशिववरून काढली आणि शहराची शंभर वर्षांची उणीव भरून निघाली. घाटातली जुनी वाट मात्र सुटली.

नवे आले याचा मला आनंदच आहे. पण ज्या पुलाने गरीब मुलखाचे ओझे बेताबेताने पार नेले, त्याला बिनकामाचा म्हणून ढासळू देणे बरे नव्हे. जोत्याचा दगड न् दगड वाचवा असे गडांविषयी आपण म्हणतो, तेच इथेही लागू आहे. दिवाळीच्या सुटीत रामलिंगला गेलात तर देवदर्शनानंतर मुलांना तो पूल दाखवा आणि त्यांना विचारा, ‘सांगा पाहू, हा एवढा हलका का बांधला?’