बाँब आणि वियोग
युद्धकाळीं मुलांस शहराबाहेर धाडलें कीं कर्तव्य संपलें, अशी समजूत असते. सप्टेंबर १९३९ मध्यें ब्रिटनमध्यें तीन दिवसांत सुमारें १५ लक्ष माणसें, बहुतेक शाळकरी मुलें व माता, अशीं हलविलीं. शरीरें वांचलीं, मनांचा हिशेब कोणीं ठेवला? ॲना फ्रॉइड व डॉरथी बर्लिंगहॅम या दोघींनीं तो हॅम्पस्टेडच्या शिशुगृहांत १९४१ पासून ठेवला. आईजवळचें मूल बाँबवर्षावांतहि सांवरे. वियोगांतलें मूल अंथरूण भिजवी, शिकलेलें बोलणें विसरे. मग थोड्या थोड्या मुलांमागें एकेक ‘आई’ नेमली. मुलें हट्टी, मत्सरी झालीं, पण बोलूं लागलीं. आम्हांस तो हट्ट आरोग्याचाच वाटतो. इंग्रजी रुग्णालयांनीं आईबापांस मुलाजवळ मोकळेपणीं येऊं द्यावें, ही प्लॅट समितीची शिफारस मात्र १९५९ ची.