ऊर्जा चूल

ऊर्जा चूल ही शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून बनविलेल्या पेलेटवर (दाबून तयार केलेल्या लहान कांड्यांवर) चालणारी, कमी धूर करणारी घरगुती चूल होती. ती २००६ पासून महाराष्ट्र, कर्नाटक इत्यादी राज्यांत विकली गेली. वापरणाऱ्या कुटुंबांना रचनेच्या टप्प्यापासून सहभागी करून घेण्याच्या प्रयोगाचे उदाहरण म्हणून तिचा अभ्यास केला जातो.

पार्श्वभूमी

मराठवाड्याच्या ग्रामीण भागात तुराट्या, पऱ्हाट्या, लाकूडफाटा व गोवऱ्या हे स्वयंपाकाचे पारंपरिक इंधन आहे. उघड्या चुलीत उष्णतेचा मोठा भाग वाया जातो आणि धुराचा त्रास मुख्यतः स्त्रियांना व लहान मुलांना होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनकार्यातून पुढे आलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने येथे महिला बचत गटांचे जाळे उभे केले होते. प्रेमा गोपालन या तिच्या संस्थापक होत.

रचना व सहभाग

व्यवस्थापनतज्ज्ञ सी. के. प्रल्हाद यांच्या विचारांच्या प्रभावातून बीपी या तेल कंपनीने स्वयंसेवी संस्थांशी भागीदारी केली. ग्रामीण कुटुंबांच्या स्वयंपाकाच्या सवयी, इंधनखर्च व अपेक्षा जाणून घेण्यात आल्या. या कामात, तसेच पुढे विक्रीतही, गावातील महिलांचा सहभाग होता. तांत्रिक रचना बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत विकसित झाली.

कार्यपद्धती

इंधन आरंभीच भरून वरून पेटविले जाते. बॅटरीवरील लहान पंख्याची हवा दोन ठिकाणी सोडली जाते. खालून येणाऱ्या हवेमुळे इंधनाचा ज्वलनशील वायू बनतो आणि वरच्या छिद्रांतून येणाऱ्या हवेत तो जळतो. पंख्याच्या वेगाने आच कमी-जास्त करता येते.

प्रसार व मूल्यमापन

एकूण चार लाखांहून अधिक चुली विकल्या गेल्या. २००९ मध्ये हा व्यवसाय बीपीकडून 'फर्स्ट एनर्जी' या कंपनीकडे गेला. महाराष्ट्र व कर्नाटकातील ९९८ कुटुंबांच्या सर्वेक्षणावर आधारित, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, चूल घेणाऱ्यांपैकी केवळ ९ टक्के कुटुंबे ती तेव्हा वापरत होती. स्वस्त कच्चा माल मिळवून कुटुंबांना परवडेल अशा दरात पेलेट पुरविणे कंपनीला जमले नाही, हे त्याचे प्रमुख कारण होते. धूर व आरोग्यविषयक प्रचाराचा खरेदीच्या निर्णयावर लक्षणीय प्रभाव आढळला नाही. खरेदीचे प्रमाण स्वयंपाकाचा गॅस वापरणाऱ्या कुटुंबांत सर्वाधिक होते, कारण पेलेटमुळे त्यांचा खर्च वाचत असे. कंपनीने पुढे व्यावसायिक ग्राहकांवर लक्ष केंद्रित केले.

पारंपरिक चुलीचे इंधन बहुधा शेतात वा शिवारात विनामूल्य मिळते, तर पेलेट विकतच घ्यावे लागत. त्यामुळे चुलीच्या रचनेत कुटुंबांचे मत विचारात घेतले गेले, तरी तिचा वापर टिकणे हे कुटुंबांच्या हाती नसलेल्या इंधनपुरवठ्यावर व दरावर अवलंबून राहिले.