धूम्रपान सोडताना : संकल्प, शरीर आणि मन

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या वाशीम जिल्ह्यातील सहाही तालुक्यांत सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आले की दुपारी धुऱ्यावर बसून बिडी ओढणारी माणसे दिसतात. कष्टातून मिळालेली ती घटकाभराची विश्रांती असते. सोडू इच्छिणाऱ्याला केवळ बिडीच नव्हे, तर ती विश्रांती आणि सोबतही गमावण्याची भीती वाटते. म्हणूनच ‘सोडून द्या’ एवढा उपदेश पुरेसा ठरत नाही.

व्यसनाचे स्वरूप

धुरातील निकोटिन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते व क्षणिक समाधान देते. त्याचा प्रभाव ओसरला की अस्वस्थता येते आणि हात पुन्हा बंडलाकडे जातो. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, हा गैरसमज आहे. तेंदूचे पान सहज जळत नसल्याने बिडी विझू नये म्हणून अधिक जोराने झुरके घ्यावे लागतात. बिडी सोडून खर्रा धरणे हीदेखील मुक्ती नव्हे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करीत होते, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के होते.

उपवासकाळाचा धडा

आपल्यातील अनेक जण राखेच्या बुधवारी बिडी-सिगारेट सोडतात आणि ईस्टरच्या दिवशी पुन्हा पेटवतात. यात एक मोठे नुकसान दडलेले आहे. शारीरिक त्रास पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वाधिक असतो व साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे चाळीस दिवस पाळणाऱ्याने सर्वांत अवघड चढण आधीच पार केलेली असते. ईस्टरची पहिली बिडी त्याला पुन्हा पायथ्याशी आणून सोडते. जो चाळीस दिवस राहू शकला, त्याच्या अंगी सामर्थ्य नाही असे कोण म्हणेल?

व्यवहारातील उपाय

१. दोन आठवड्यांच्या आतील एक दिवस निश्चित करावा व तो घरच्यांना सांगावा.

२. आदल्या रात्री बंडल, काडेपेटी, लायटर घरातून काढून टाकावे. ‘अडीअडचणीला’ म्हणून एकही ठेवू नये.

३. तलफ कोणत्या वेळी येते याची नोंद ठेवावी. चहानंतर येत असल्यास चहाची जागा बदलावी. पानठेल्यावर येत असल्यास काही दिवस दुसऱ्या वाटेने जावे.

४. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ थांबावे, दीर्घ श्वास घ्यावा, सावकाश पाणी प्यावे, हाताला काम द्यावे.

५. वाचलेले पैसे वेगळे ठेवावेत. दररोज वीस रुपये म्हणजे वर्षाला ७,३०० रुपये होतात.

मनाची बाजू

चिडचिड, झोपमोड, उदासपणा, भूक वाढणे ही निकोटिन सुटत असल्याची लक्षणे आहेत. तो स्वभावदोष नव्हे. घरच्यांनी हे दिवस समजून घ्यावेत. टोमणे मारल्याने माणूस सोडत नाही, लपून ओढू लागतो. एखादे दिवशी तोल गेला तर ‘आता सगळे संपले’ असे मानू नये. कोणत्या प्रसंगी चुकले ते पाहावे व त्याच दिवशी पुन्हा आरंभ करावा. पुष्कळांना अनेक प्रयत्नांनंतरच यश येते.

मदत कोठे मिळेल?

२०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय तंबाखू मुक्ती दूरध्वनी सेवेचा क्रमांक १८००-११-२३५६ असून ती निःशुल्क आहे. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमांतर्गत जिल्हा स्तरावर समुपदेशनाची व्यवस्था केली जाते. त्याविषयी जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करावी. निकोटिनचे च्युइंगम किंवा गोळ्या उपयुक्त ठरतात. हृदयरुग्णांनी व गर्भवती स्त्रियांनी मात्र त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

शरीर काय परत मिळवते?

शेवटच्या झुरक्यानंतर वीस मिनिटांत हृदयाचे ठोके मंदावू लागतात. काही महिन्यांत खोकला व धाप कमी होते. एका वर्षात हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारे निम्म्यावर येतो. दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, जवळजवळ निम्मा होतो. क्षयरोगाचा धोकाही धूम्रपानाने वाढतो, हे विसरू नये.

ख्रिस्तसभेची भूमिका

कॅथॉलिक धर्मशिकवणीच्या २२९० व्या परिच्छेदात मिताचाराच्या संदर्भात तंबाखूचा स्पष्ट उल्लेख आहे. व्हॅटिकनमध्ये होणारी सिगारेटची विक्री २०१८ पासून बंद करण्याचा निर्णय पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली घेतला. लोकांच्या आरोग्याला हानी पोहोचवणाऱ्या व्यवहारातून उत्पन्न नको, हे त्यामागील कारण होते.

धुऱ्यावरची विश्रांती सोडण्याची गरज नाही. सावली तीच राहील, सोबतीही तेच राहतील. फक्त हातात बिडीऐवजी पाण्याचा तांब्या असावा, आणि बंडलाचे पैसे संध्याकाळी लेकरांच्या कामी यावेत.