घरी आणलेले टपाल

आमच्या लहानशा गावाला स्वतःचे पोस्ट नव्हते. टपालाची थैली दोन कोसांवरच्या शेजारगावी येई, आणि ज्याला घाई असेल त्याने तिकडे जाऊन आपली पत्रे घेऊन यावीत, असा रिवाज होता. बाजाराच्या दिवशी कोणी तरी जाई आणि येताना साऱ्या आळीची पत्रे पिशवीत घालून आणी. ह्या रिवाजाची आठवण मला झाली ती एका अगदी नव्या विषयाच्या निमित्ताने. ईमेल म्हणून जे पत्र असते, ते आपल्या घरच्या संगणकात आपोआप येऊन पडते कसे, ह्याची हकिकत मी शोधू लागलो. आणि पाहतो तो काय, तिथेही थैली शेजारगावीच अडकलेली!

१९७१ साली अमेरिकेत केंब्रिज येथे रे टॉमलिन्सन ह्या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यामार्फत निरोप धाडला. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव ह्यांच्यामध्ये जे वेटोळे चिन्ह आपण लिहितो, ते त्यांनीच तेथे बसविले. मौज अशी की, ती दोन्ही यंत्रे शेजारीशेजारीच उभी होती! त्या काळचे संगणक म्हणजे अवाढव्य धूड. ते रात्रंदिवस चालू असत, म्हणून पत्र केव्हाही आले तरी घ्यायला घरात माणूस असल्यासारखेच होते. १९८२ साली जॉन पोस्टेल ह्यांनी पत्र पाठविण्याचे जे नियम लिहून काढले, तेही अशाच घरांसाठी. धाडणाऱ्याने दार ठोठवावे, घेणाऱ्याने उघडावे.

पण तोवर टेबलावर मावणारे छोटे संगणक आले होते. माणूस काम झाले की तो बंद करून झोपावयास जाई. जाळ्याशी त्याचा संबंध पुष्कळदा टेलिफोनच्या तारेने, आणि तोही घटका दोन घटकांपुरता. आता पत्र आले आणि दार बंद असले तर करावयाचे काय? उत्तर आमच्या गावकऱ्यांनी केव्हाच काढले होते. पत्र सदैव जाग्या असणाऱ्या मोठ्या यंत्रात थांबावे, आणि धन्याने सवड होईल तेव्हा जाऊन ते घेऊन यावे. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉइस रेनॉल्ड्स ह्या बाईंनी ह्या आणण्याचे नियम पाच-सहा पानांत लिहिले. नाव काय दिले? ‘पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल’. लोक त्याला थोडक्यात ‘पॉप’ म्हणू लागले. त्याची तिसरी आवृत्ती १९८८ साली मार्शल रोझ ह्यांनी मांडली, आणि तीच पुढे जगभर चालली.

तिच्यातला संवाद मला फार आवडला. घरचा संगणक जाऊन आपले नाव सांगतो, मग परवलीचा शब्द सांगतो. पलीकडून ‘ओके’ आले की विचारतो, पत्रे किती? मग एकेक मागून घेतो, आणि घेतलेले काढून टाक म्हणतो. पण पलीकडचा कारकून मोठा सावध! तो पत्रावर नुसती खूण करून ठेवतो. पाहुण्याने रीतसर निरोप घेतला म्हणजेच खुणेची पत्रे फेकतो. मध्येच तार तुटली तर एकही पत्र फेकले जात नाही. फार तर पुढच्या खेपेला तेच पत्र दुसऱ्यांदा हाती येते. हरवण्यापेक्षा दोनदा येणे बरे, हा हिशेब मला तरी पटतो.

त्याच १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर हे पत्रे आणणारी नि मांडून ठेवणारी एक आज्ञावली लिहीत होते. ह्या टपालात इतके बुडाले की, आपण पोस्टातच राहतो आहोत असे त्यांना वाटू लागले, आणि त्यांना युडोरा वेल्टी ह्या लेखिकेची एक कथा आठवली. तिच्यातली पोस्टमास्तरीण घरच्यांशी भांडून पोस्टातच बिऱ्हाड करते. झाले, आज्ञावलीचे नाव ‘युडोरा’! कथा लिहिणाऱ्याला असे भाग्य लाभावे ह्याचा मला, खरे सांगतो, थोडा हेवा वाटला.

आता राहिले ‘आपोआप’. पेनसिल्व्हेनियात राहणारे एरिक रेमंड ह्यांची पत्रे गावातल्या एका इंटरनेट सेवेच्या यंत्रावर येत, आणि ती पाहावयास दर वेळी तिकडे ‘जावे’ लागे. ह्या कटकटीला कंटाळून त्यांनी कार्ल हॅरिस ह्यांची ‘पॉपक्लायंट’ ही आज्ञावली हाती घेतली. पुढे हॅरिस ह्यांनी ती त्यांच्याच स्वाधीन केली. हॅरी हॉखहायझर नावाच्या एका वापरणाऱ्याने युक्ती कळविली: आणलेले पत्र स्वतः मांडीत बसण्यापेक्षा घरच्या यंत्राच्या टपालदारातच का टाकू नये? जणू ते आताच बाहेरून आले! रेमंड ह्यांनी ती तत्काळ उचलली, आणि १९९६ साली आज्ञावलीचे ‘फेचमेल’ असे नवे बारसे झाले. ती पडद्याआड बसून ठरावीक मिनिटांनी फेरी मारते, धन्याला पत्ताही लागत नाही. हा अनुभव त्यांनी मे १९९७ मध्ये जर्मनीतील वुर्ट्सबुर्ग येथे निबंधरूपाने वाचला, आणि परक्यांनी मिळून खुलेपणाने आज्ञावली कशी लिहावी ह्याचा तो गाजलेला निबंध ठरला. एका हरकाऱ्याच्या पोटी एवढे निघाले!

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वांना खुले केले. टेलिफोन लावावा, मोडेमचे ते किंचाळणे ऐकावे, पत्रे भराभर उतरवून घ्यावीत आणि बिल वाढण्यापूर्वी तार तोडून निवांत वाचीत बसावे. पुण्याला आमच्या काकांच्या घरी मी हे पाहिले आहे. माझी आत्या परदेशी होती. ती मराठी पत्र इंग्रजी अक्षरांत लिही, कारण देवनागरी एका यंत्रावरून दुसऱ्यावर धड पोहोचतच नसे. रविवारी काका ती पत्रे मोठ्याने वाचीत. उतरून आलेले पत्र पलीकडे शिल्लक राहत नाही, हे आम्हांला कोठे ठाऊक? ‘पलीकडेही प्रत ठेव’ असे सांगण्याची सोय असे, पण ती कोणी पाहिलीच नाही.

वास्तविक दुसरी वाट १९८६ सालीच निघाली होती. स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन ह्यांनी ‘आयमॅप’ काढले. त्यात पत्र पोस्टातच राहते, आपण तेथे जाऊन वाचतो. आज आपला फोन बहुधा असेच करतो. घरच्या यंत्राचे काही झाले तरी पत्र जात नाही. मात्र ते असते दुसऱ्याच्या कपाटात.

आमचे कपाट स्वतःचे होते. २००४ साली काकांच्या संगणकाची तबकडी बिघडली आणि पाच वर्षांची पत्रे गेली. पुढे आत्याही गेली. गेल्या दिवाळीत काकू अनारशांचे प्रमाण शोधीत होत्या, तेव्हा पाककृतींच्या वहीत घडी केलेला एक कागद निघाला. प्रमाणासाठी म्हणून काकांनी तेवढे एकच पत्र छापून घेतले होते. तूप सांडून अर्धी अक्षरे फिकटली आहेत. काकूंनी ते मला वाचावयास दिले, आणि मी ते रविवारी वाचीत त्याच खुर्चीत बसून मोठ्याने वाचले.