जंगलातल्या जीपचा मूळ रंग

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांचा स्वातंत्र्योत्तर इतिहास सहसा सागवानाच्या आगारांत, बांबूच्या कूपांत आणि कोळशाच्या खाणींत शोधला जातो. परंतु आलापल्ली, भामरागड, सिरोंचा यांसारख्या मुलखात, जिथे पावसाळ्यात पर्लकोटेसारख्या नद्या वाट अडवून धरत आणि एरवी बैलगाडीची चाकोरी हाच रस्ता असे, तिथवर वनाधिकाऱ्यांना आणि कंत्राटदारांना पोचवणाऱ्या जीपकडे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले गेले आहे. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारे हे वाहन या भागात इतके राबले, आणि इतक्या वेळा रंगवले व बदलले गेले, की कारखान्यातून बाहेर पडताना ते कोणत्या रंगाचे होते आणि त्यावर कोणती जोडसामग्री होती, हे ठरवण्यासाठी पत्रा आणि कागद दोन्ही वाचावे लागतात.

पहिला प्रश्न जीप कोणत्या कुळातील आहे हा असतो. दुसऱ्या महायुद्धात विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या, आणि त्यांपैकी भारतात आलेल्या अनेक गाड्या युद्ध संपल्यावर शिल्लक लष्करी माल म्हणून विकल्या गेल्या. विलिसने 1945 मध्ये सीजे-2ए हे नागरी प्रारूप बाजारात आणले. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला मुंबईत पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन झाली. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेल्यावर 1948 मध्ये तिचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले, आणि माझगावात विलिसकडून आलेल्या सुट्या भागांची जोडणी करून तिने जीपा विकण्यास आरंभ केला. पुढे तिने परवान्याखाली दीर्घकाळ बनवलेले सीजे-3बी हे प्रारूप उंच बोनेटमुळे लांबूनच ओळखू येते. त्यातील हरिकेन इंजिनाचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह माथ्यावर बसवलेले असल्याने इंजिनाची उंची वाढली आणि बोनेटला वर उचलावे लागले.

युद्धकालीन जीपच्या पुढील जाळीत नऊ उभ्या फटी असतात आणि दिवे लहान व किंचित आत बसवलेले असतात. सीजे-2ए मध्ये फटी सात, दिवे मोठे आणि मागे उघडणारी फळी असल्याने स्टेपनी उजव्या बाजूला गेलेली दिसते. फोर्डने आपल्या बोल्टांवरसुद्धा एफ हे अक्षर उठवले होते. तथापि जाळी, बोनेट आणि फळ्या एका गाडीवरून दुसरीवर सहज चढतात, म्हणून बाह्य रूपावर विसंबणे धोक्याचे ठरते. गाडीची ओळख शेवटी चासीवर, म्हणजे सर्व भाग ज्यावर बसतात त्या पोलादी सांगाड्यावर, ठरते, आणि चासी क्रमांक, कंपनीची पाटी व इंजिन क्रमांक यांचा मेळ बसतो की नाही हे तपासावे लागते. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या गाडीत तो मेळ मोडलेला असणारच.

रंगाचा शोध याहून नाजूक आहे. लष्करी जीपचा रंग चमक नसलेला ऑलिव्ह होता. सुरुवातीच्या सीजे-2ए मात्र शेतकऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून दोन रंगसंगतींत निघाल्या: पास्चर ग्रीन या कुरणी हिरव्यावर पिवळी चाके, किंवा हार्वेस्ट टॅन या तपकिरी छटेवर लाल चाके. पुढे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी संरक्षण खात्याबाहेरील कोणत्याही वाहनास ऑलिव्ह हिरवा रंग देण्यास मनाई केली, त्यामुळे खासगी हाती आलेल्या लष्करी जीपचा खरा रंग नंतरच्या थरांखाली सापडण्याची शक्यता अधिक आणि वर दिसण्याची कमी.

तो पाहण्यासाठी डॅशबोर्डच्या मागची बाजू, सीटखालची हत्यारांची पेटी, टाकीखालचा खोलगट भाग आणि पाटीच्या मागचा पत्रा अशा, रंगाऱ्याचा फवारा सहसा न पोचणाऱ्या जागा निवडतात. एखाद्या लहान ठिकाणी बारीक वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासह वापरायचा घासकागद, हळूहळू फिरवल्यास थर झाडाच्या खोडातील वलयांसारखे एकाबाहेर एक उघडे पडतात आणि कोणता रंग आधीचा हे कळते. येथे दोन सावधगिरी आवश्यक आहेत. रेड ऑक्साइड हा लालसर अस्तर-रंग कारखान्यातही वापरला गेला आणि गावच्या गॅरेजातही, म्हणून तो दिसला की मूळ पत्रा लागला असे मानता येत नाही. दुसरे असे की उन्हातला रंग फिका पडतो, तर काळोखात राहिलेला तैलयुक्त एनॅमल पिवळसर होतो. त्यामुळे लपलेल्या जागेतील छटा हीदेखील कारखान्यातील छटा जशीच्या तशी नसते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हा फरक अधिकच वाढतो.

जोडसामग्रीचा निर्णय भोकांवरून होतो. सीजे-2ए सोबत इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला देणारा पॉवर टेक-ऑफ, पट्ट्याची कप्पी आणि इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर या वस्तू वेगळ्या किमतीला मिळत असत, आणि त्या बसवल्याच्या खुणा चासीवर व गिअरबॉक्सवर राहतात. काचेच्या चौकटीवर शोधदिव्याची भोके दिसली तर ती कारखान्याची मानण्याची घाई करू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा जुना व्यवहार थांबण्यापूर्वी शिकारीसाठी वापरलेल्या जीपांवर असे दिवे स्थानिक मिस्त्री बसवत. लष्करी जीपचे स्टिअरिंग डावीकडे असल्याने उजवीकडे हलवलेल्या गाडीच्या डॅशबोर्डात बुजवलेले छिद्रही सापडते. असे बदल अनेक संग्राहक दोष समजून भरून टाकतात, हे खेदाचे आहे, कारण या प्रदेशात जीपचा उपयोग कसा झाला याचा तोच पुरावा असतो.

पत्र्यानंतर कागद. तत्कालीन चांदा जिल्हा 1950 पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाडात, 1956 पर्यंत मध्य प्रदेशात, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात होता. 26 ऑगस्ट 1982 रोजी त्यातून गडचिरोली वेगळा झाला, आणि आजच्या पद्धतीत चंद्रपूरला एमएच-34 व गडचिरोलीला एमएच-33 हे क्रमांक मिळाले. एकाच गाडीची नोंदणी गाव न बदलताही राज्यागणिक निरनिराळ्या दप्तरांत पोचू शकते. म्हणून आरसी बुकातील रंगाच्या रकान्याला त्या नोंदीच्या दिवसापुरताच पुरावा मानावे. नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या मालकाने दिलेला रंग कारखान्याचा ठरतो.

हा शोध आता केवळ हौशीचा राहिलेला नाही. 2021 च्या नियमदुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली वाहने व्हीए या अक्षरांच्या स्वतंत्र मालिकेत नोंदवता येतात, मात्र चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. दुसरीकडे एप्रिल 2023 पासून 15 वर्षांहून जुनी सरकारी वाहने भंगारात काढण्याचा नियम लागू झाला, त्यामुळे सरकारी जीप लिलावातून खासगी हाती येण्याची जुनी वाट जवळजवळ बंद झाली आहे. जे नमुने आधीच लोकांच्या वाड्यांत आणि शेडमध्ये आहेत, त्यांवर नवा रंग चढवण्यापूर्वी उघड्या थरांची आणि पाट्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि डॅशबोर्डमागचा तळहाताएवढा पत्रा न घासता, न रंगवता तसाच ठेवावा.