डोक्यावरची सफर

सफारी म्हटलं की मराठी माणसाला आधी शिंपी आठवतो. एके काळी नवऱ्या मुलापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे सफारी सुटात वावरत असत आणि त्यांतल्या एकाचीही कधी सिंहाशी गाठ पडलेली नसे. कचेरीतल्या मोठ्या साहेबाला सिंहात धरायचं असेल, तर गोष्ट वेगळी.

शब्द मूळचा अरबी, ‘सफर’. तो फारसीचं बोट धरून आपल्याकडे आला आणि सफरच राहिला; तिकडे पूर्व आफ्रिकेत स्वाहिली भाषेत शिरून ‘सफारी’ झाला. म्हणजे दोघे चुलतभाऊच. स्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास. मामाच्या गावाला जाणं हीसुद्धा सफारीच! त्यात बंदूक, हॅट आणि फोटोग्राफर घातले ते गोऱ्या साहेबाने.

हा साहेब बांधाबांध कशी करी, ते पाहायचं तर थिओडोर रूझवेल्ट यांचं सामान बघावं. मार्च १९०९ मध्ये ते अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून उतरले आणि त्याच महिन्यात चिरंजीव कर्मिट यांना घेऊन आफ्रिकेला निघाले. आपल्याकडे निवृत्त माणूस काशीला जातो. पण काशीला जाताना कोणी चार टन मीठ नेत नाही. रूझवेल्टसाहेबांनी नेलं! मारलेल्या जनावरांची कातडी खारवून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला धाडायची होती. शिवाय नजर अधू, म्हणून चष्म्याच्या नऊ जादा जोड्या. सुलिव्हन नावाच्या नामांकित मुष्टियोद्ध्याने दिलेला, सोन्यात मढवलेला सशाचा पाय. हा शुभ असतो म्हणतात. सशाचं मत कोणी विचारलेलं नाही. आणि साठेक पुस्तकं! बायबल, होमर, दान्ते, शेक्सपिअर, मार्क ट्वेन, सगळी डुकराच्या कातड्यात बांधलेली. घाम, धूळ आणि बंदुकीचं तेल लागून साधी बांधणी टिकायची नाही, हा हिशेब. तंबूला मागे न्हाणीघरही जोडलेलं होतं.

आता ही पुस्तकांची पेटी साठ पौंडांच्या आत बसवली होती. साठच का? तर एका माणसाच्या डोक्यावर द्यायचं ओझं साधारण साठ पौंडांचं, म्हणजे सत्तावीस किलो, असा तिकडचा ठोकताळा होता. तेव्हा दान्ते आणि होमर मंडळी एका हमालाच्या डोक्यावर बसून आफ्रिका हिंडली. मीठ एकदम उचलायचं ठरलं असतं, तर नुसत्या मिठालाच सव्वाशेच्या वर डोकी लागली असती. या स्वारीबरोबर दोनशेच्या वर हमाल होते आणि ते रूझवेल्टना ‘ब्वाना माकुबा’, म्हणजे थोरले मालक, म्हणत. बापलेकांनी मिळून ५१२ जनावरं मारली. त्यांत १७ सिंह आणि ११ हत्ती. सशाचा पाय लाभला म्हणायचा.

बैलगाडी का नाही, असं कोणी विचारील. उत्तर एका माशीत आहे. त्सेत्से नावाची ही माशी चावली की बैल, घोडे रोगाने मरत. जिथे बैल टिकत नाही तिथे माणूस जुंपायचा, हे साहेबाचं गणित. भाडं रुपयात चुकवलं जाई, कारण तिथे १९२० पर्यंत आपला रुपयाच चाले. आणि सफारी निघे त्या नैरोबीपर्यंतचे रूळही हिंदुस्थानातून नेलेल्या हजारो मजुरांनी घातलेले.

त्या काळच्या डॉक्टरांचं म्हणणं असं की, आफ्रिकेचं ऊन डोक्याला नि पाठीच्या कण्याला बाधतं. म्हणून साहेब शोल्याच्या भेंडाची टोपी घाली आणि कण्यावर एक कापडी गादी बांधी. हमालाच्या कण्याची काळजी कोणी केल्याचं दिसत नाही. त्याच्या डोक्याला ऊन लागत नसे हे खरं, कारण डोक्यावर साहेबाची पेटी असे.

पुढे १९१४ साली महायुद्ध पेटलं, तेव्हा हीच युक्ती लष्कराने उचलली. पेटीच्या जागी काडतुसं आणि पिठाची पोती आली. पूर्व आफ्रिकेत इंग्रजांनी दहा लाखांच्या आसपास माणसं ओझ्याला लावली. त्यांतली ९५,००० च्या वर मेली, बहुतेक गोळीने नव्हे, तर रोगाने आणि उपासमारीने. या पथकाचं नाव ‘कॅरिअर कोअर’. स्वाहिली तोंडात त्याचं ‘कारिओकोर’ झालं आणि नैरोबीत त्या नावाची वस्ती नि बाजार आजही आहे. लोक तिथे टोपल्या, चपला घेतात. नाव कुठून आलं, ते विचारायला भाव करण्यातून सवड कुणाला?

केनियात १९७७ पासून शिकार बंद आहे. आता मासाई माराला जाणाऱ्यांत आपली मराठी मंडळीही भरपूर असतात. पिवळ्या तापाची लस टोचायची, मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्यायच्या, पहाटेच्या थंडीला स्वेटर ठेवायचा. कपडे खाकी, म्हणजे मळखाऊ. निळे-काळे नकोत, ती त्सेत्से माशी नेमकी त्याच रंगांवर येते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना तिथे २०१७ पासून बंदी, तेव्हा चिवडा डब्यात न्यावा. आणि छोट्या विमानात माणशी साधारण पंधरा किलो सामान, तेही मऊ पिशवीत.

या पंधरा किलोंवर घरोघर फार कुरकुर होते. पंधरा किलोंत काय मावतं, लाडूच चार किलो होतात! अशा वेळी एक करावं. बॅग गच्च भरावी, डोक्यावर घ्यावी आणि माजघरापासून फाटकापर्यंत चालून यावं. फाटकाशी पोचेपर्यंत निम्मे लाडू आपोआप कमी होतात.