वीज गेल्यावर पेट्रोल की गॅस?
दोन इंधनांवर चालणारा इन्व्हर्टर जनरेटर निवडताना

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्यानंतर श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि पलीकडे दापोली, मंडणगड या तालुक्यांतील अनेक गावे कित्येक दिवस, काही ठिकाणी तर आठवडेही अंधारात राहिली. घरोघरचे बॅटरीवर चालणारे इन्व्हर्टर पहिल्याच रात्री थंडावले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई आणि परिसराची वीज एकाच वेळी गेली, तेव्हा अखंड पुरवठ्याची सवय असलेल्या महानगरालाही या प्रश्नाची जाणीव झाली. लोडशेडिंगच्या वर्षांत दुकानांच्या पायऱ्यांवर धडधडणारे छोटे जनरेटर लोकांच्या विस्मरणात गेले होते. त्यांची सुधारित पिढी आता घरच्या वापरासाठी आणि पवना वा भंडारदऱ्याच्या काठावर तंबू ठोकणाऱ्या हौशी पर्यटकांसाठी बाजारात आली आहे. पेट्रोल आणि गॅस या दोन्ही इंधनांवर चालणारे यंत्र, अशी तिची जाहिरात होते. मात्र जाहिरातीतील आकडे आणि प्रत्यक्ष वापर यांत बरेच अंतर आहे.

प्रथम नावाचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. मराठी घरात ‘इन्व्हर्टर’ म्हणजे बॅटरी जोडलेला, वीज असताना भरणारा आणि वीज गेल्यावर पंखा-दिवे चालवणारा खोका. इन्व्हर्टर जनरेटर ही वेगळी वस्तू आहे. यात इंजिनच वीज तयार करते. पण ती थेट घराला न देता आधी एकदिश केली जाते आणि मग इलेक्ट्रॉनिक मंडलातून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ अशी घडवून बाहेर सोडली जाते. साध्या जनरेटरमध्ये वारंवारिता थेट इंजिनाच्या वेगावर अवलंबून असल्याने त्याला भार असो वा नसो, बहुधा मिनिटाला ३ हजार फेऱ्यांच्या गतीनेच फिरावे लागते. इन्व्हर्टर प्रकारात हे बंधन नाही. दोन दिवे आणि एक पंखा चालू असेल तर इंजिन संथ होते. आवाज आणि इंधन दोन्ही वाचतात. शिवाय विजेची लहर स्वच्छ असल्याने संगणक, दूरचित्रवाणी संच, इन्व्हर्टर तंत्राचा फ्रिज यांना धोका राहत नाही. साध्या स्वस्त जनरेटरवर लॅपटॉप चालवणे हा मात्र जुगार आहे.

दोन इंधनांची कल्पना आपल्याकडे नवी नाही. पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर रॉकेलवर चालवण्याचे छोटे जनरेटर एके काळी लग्नाच्या मांडवापासून टायपिंग क्लासपर्यंत सर्वत्र दिसत. रेशनचे रॉकेल आटले आणि ती सोय संपली. आताच्या यंत्रात रॉकेलची जागा एलपीजीने घेतली आहे. एका वेळी एकच इंधन वापरले जाते आणि बटण वा खटका फिरवून इंधन बदलता येते. काही प्रकारांत चालत्या इंजिनावर हा बदल करता येतो, काहींत यंत्र बंद करावे लागते. खरेदीच्या वेळी ते प्रत्यक्ष करून दाखवण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा.

गॅसचा सर्वांत मोठा फायदा साठवणुकीत आहे. पेट्रोल फार काळ ठेवता येत नाही. काही महिन्यांत ते शिळे होते, कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर धरते आणि नेमक्या गरजेच्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा दुखला तरी इंजिन दाद देत नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेल्यापासून ही अडचण वाढली आहे, कारण इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणातील पावसाळ्यात याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. गॅस मात्र सीलबंद टाकीत वर्षानुवर्षे जसाच्या तसा राहतो. कायद्याचाही मुद्दा आहे. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय एका जागी ३० लिटरपर्यंतच बाळगता येते, आणि सदनिकेत तेवढे ठेवणेही शहाणपणाचे नाही.

येथेच बहुतेक ग्राहकांची गल्लत होते. स्वयंपाकघरातील १४.२ किलोची टाकी जनरेटरला जोडता येईल, असे गृहीत धरले जाते. काही विक्रेतेही तसे बिनदिक्कत सांगतात. एलपीजीच्या पुरवठा व वितरणाचे नियमन करणाऱ्या २००० सालच्या आदेशानुसार घरगुती टाकी केवळ स्वयंपाकासाठी आहे. तिचा अन्य वापर हा नियमभंग ठरतो. जनरेटरसाठी १९ किलोची व्यावसायिक टाकी किंवा खुल्या विक्रीतील ५ किलोची छोटी टाकी घेणे हाच सरळ मार्ग आहे. दोन्हींचा दर घरगुती गॅसपेक्षा अधिक पडतो, हे हिशेबात धरावे लागते.

खर्चाचा अंदाज असा. दोन किलोवॉटच्या आतबाहेरचे यंत्र पूर्ण भारावर तासाला साधारण एक लिटर पेट्रोल पिते, पाव भारावर त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे एका लिटरमागे पावणेदोन युनिटच्या आसपास वीज हाती लागते. शंभर रुपयांच्या पुढे गेलेल्या पेट्रोलच्या दराने एक युनिट पन्नास रुपयांहून महाग पडते. गॅसवर एका युनिटला अर्ध्या किलोच्या आसपास इंधन लागते. तेव्हा ५ किलोची टाकी दहाएक आणि १९ किलोची चाळीसएक युनिट देईल, असे धरून चालावे. महावितरणच्या बिलाशी याची तुलना करण्यात अर्थ नाही. तुलना फ्रिजमधील इन्सुलिन खराब होण्याशी किंवा आजारी माणसाचे ऑक्सिजन यंत्र बंद पडण्याशी करायची आहे.

किती वॉटचे यंत्र हवे?

यंत्रावरील पाटीवर दोन आकडे असतात. ठळक असतो तो काही सेकंदांपुरत्या कमाल क्षमतेचा. अखंड चालण्याची क्षमता त्याहून कमी आणि बहुधा लहान अक्षरांत असते. हिशेब नेहमी दुसऱ्या आकड्यावर करावा. आकडा केव्हीएमध्ये दिला असेल, तर तो वॉटमध्ये किती हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

मध्यमवर्गीय घराची किमान गरज मोजली, तर फ्रिज १५० वॉट, दोन साधे पंखे मिळून १५०, पाच एलईडी दिवे ४५, टीव्ही ८०, इंटरनेटचा राउटर १० आणि मोबाइलसाठी २० असे साडेचारशे वॉटच्या जवळपास होतात. पाच लिटर क्षमतेचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल, तर त्यात साडेतीनशे मिळवावेत. परंतु फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू भाराच्या तिप्पट-चौपट वीज ओढतो. त्यामुळे एक किलोवॉटचे यंत्र अशा घराला काठावरचे ठरते. दोन किलोवॉट सोयीचे. एक अश्वशक्तीचा पाण्याचा पंप चालताना हजार-अकराशे वॉट घेतो, सुरू होताना तीन हजारांच्याही पुढे जातो. तो हवा असेल तर तीन किलोवॉटहून मोठे यंत्र पाहावे लागेल. गिझर, इस्त्री आणि शेगडी यांचा विचारच करू नये. सोसायटीचा तीन फेजचा पंप आणि लिफ्ट ही कामे या यंत्राची नव्हेत.

आता वजाबाकी. गॅसवर चालवताना याच यंत्राची शक्ती सुमारे दहा टक्क्यांनी घटते. उंचीवर हवा विरळ होते आणि दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के शक्ती कमी होते. पाटीवर २ हजार वॉट अखंड क्षमता लिहिलेले यंत्र सुमारे १३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरात गॅसवर लावले, तर पंधराशेच्या आसपास वॉट मिळतील. लडाख-स्पितीच्या वाटेला जाणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. आपला एलपीजी हा प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असून ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे थांबवतो. टाकी भरलेली असूनही दाब मिळत नाही. तेथे पेट्रोलच बरे.

अमेरिकेतील नातेवाइकांकडून यंत्र मागवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तेथे निवड मोठी आहे. पण तेथील यंत्रे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची असतात आणि गॅसची जोडणी तेथील प्रोपेन टाकीच्या मापाची. येथील घरात ती निरुपयोगीच नव्हे, तर घातक ठरतात. साध्या पेट्रोल जनरेटरला गॅसचा संच बाहेरून बसवून देणारे कारागीरही भेटतात. तसे केल्याने हमी संपते आणि गळतीची जबाबदारी कोणीच घेत नाही. १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटर संचांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कडक उत्सर्जन मर्यादा लागू झाल्या आहेत. त्यांच्या पूर्ततेची नोंद यंत्रावर आहे का, ते पाहावे.

धूर आणि उलटी वीज

जनरेटरमुळे होणारे मृत्यू बहुतेक वेळा विजेच्या धक्क्याने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने होतात. या वायूला रंग नाही, वास नाही. गॅसवर चालणारे इंजिन स्वच्छ, म्हणून ते आत चालेल, हा समज जीवघेणा आहे. गॅस जळतानाही हा वायू तयार होतो. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतील लुईझियानात लॉरा चक्रीवादळातून वाचलेली काही कुटुंबे नंतर घराजवळ लावलेल्या जनरेटरच्या धुराने दगावली. तेथील ग्राहक सुरक्षा आयोग यंत्र घरापासून किमान २० फूट, म्हणजे सहा मीटर, दूर ठेवण्यास सांगतो. मुंबई-पुण्याच्या सदनिकेसाठी याचा अर्थ स्पष्ट आहे. गॅलरी, जिना, डक्ट, तळघरातील वाहनतळ यांपैकी एकही जागा चालणार नाही. ज्याच्याकडे अंगण किंवा सोसायटीच्या संमतीने मिळालेली मोकळी जागा नाही, त्याने हे यंत्र घेऊ नये. त्याच पैशात मोठी बॅटरी घ्यावी. तंबूच्या आत किंवा तंबूच्या दाराशी यंत्र लावणे हेही तितकेच वर्ज्य. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खोलगट जागी साचतो, म्हणून टाकी उभी, उघड्यावर आणि यंत्रापासून अंतरावर असावी.

दुसरा धोका घरातल्यांना दिसत नाही. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर भिंतीतील प्लगला जोडण्याची युक्ती सर्रास केली जाते. मुख्य स्वीच बंद करायचा राहिला, तर ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते आणि रोहित्रातून तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो. बाहेर खांबावर तार जोडणारा वायरमन वाहिनी बंद आहे, या भरवशावर काम करत असतो. परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून चेंजओव्हर स्वीच बसवून घेणे हा यावरील उपाय आहे. तो खर्च यंत्राच्या किमतीत आधीच धरावा. अर्थिंग आणि गळती-संरक्षक स्वीच कसा जोडायचा, हेही त्यालाच ठरवू द्यावे.

आवाजाचा मुद्दा शेजाऱ्यांमुळे महत्त्वाचा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. माहितीपत्रकातील डेसिबलचा आकडा बहुधा सात मीटर अंतरावरून आणि पाव भारावर मोजलेला असतो. पूर्ण भारावर तो वाढतो. यातून एक चांगली तडजोड निघते. जनरेटर दिवसा दोन-तीन तास चालवून फ्रिज थंड करावा, पाणी चढवावे, घरातील इन्व्हर्टरची बॅटरी भरावी आणि रात्र बॅटरीवर काढावी. दीडशे अँपिअर-तासांची एक बॅटरी पंखे आणि दिव्यांना रात्रीचा बराच भाग पुरते. छतावर सौर पॅनेल आहेत म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी मात्र आपली यंत्रणा तपासून घ्यावी. महावितरणच्या वाहिनीशी जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा वीज जाताच सुरक्षेसाठी आपोआप बंद होते, मग बाहेर कितीही ऊन असो.

यंत्र घरी आल्यावर इंजिन तेल भरल्याशिवाय ते सुरू करू नये. बहुतेक यंत्रे कोरडीच येतात. पहिले तेल वीसएक तासांनी बदलावे लागते. पुढे महिन्यातून एकदा, पंधरा मिनिटे, फ्रिजचा भार देऊन चालवावे आणि बंद करताना पेट्रोलचा कॉक आधी बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होऊ द्यावा. हे काम मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळा सुरू होण्यापूर्वी एकदा दोन्ही इंधनांवर करून पाहावे. गॅसची नळी, तिच्यावरील उत्पादनाची तारीख आणि जोडावर साबणाच्या पाण्याचे बुडबुडे येतात का, हेही त्याच वेळी तपासता येते.